तुकड्याचा अहवाल आणि पाहण्याचे शिक्षण

शस्त्रक्रिया आटोपून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, ‘गाठ काढली आहे. तुकडा तपासणीला पाठवला आहे. अहवाल आला की पुढचे ठरवू.’ त्यानंतरचे काही दिवस त्या घरात कसे जातात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. तो तुकडा कोठे जातो, त्याचे काय करतात आणि शेवटी कोण काय पाहून ‘साधी गाठ’ किंवा ‘कर्करोग’ असे लिहितो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. यंत्रात तुकडा घातला की उत्तर बाहेर येते, अशीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तेथे एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला असतो आणि तो जे पाहतो त्यावर निदान ठरते.

या माणसाची नजर एका दिवसात तयार होत नाही. तिचा पहिला धडा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातच गिरवला जातो. शरीररचनाशास्त्राच्या विभागात ऊतिशास्त्राची प्रयोगशाळा असते. इंग्रजीत या विषयाला हिस्टॉलॉजी म्हणतात. शंभर-दीडशे विद्यार्थी, रांगेने मांडलेले सूक्ष्मदर्शक, लाकडी पेट्यांत जपून ठेवलेल्या काचपट्ट्या आणि जांभळ्या-गुलाबी पेन्सिलींनी भरलेली जर्नले हे तिचे परंपरागत रूप. गेल्या पंचवीस वर्षांत जगभर हे रूप बदलू लागले आहे. काचपट्टीच्या जागी संगणकाचा पडदा येत आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. पण पडदा आला म्हणजे अभ्यासक्रम आधुनिक झाला, हे समीकरण तपासून पाहण्यासारखे आहे.

शरीराचे विणकाम

‘ऊती’ हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या परिचयाचा आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह, ही त्याची शाळेतली व्याख्या. संस्कृतात ‘ऊति’ या शब्दाचा एक अर्थ विणणे असा आहे. आपल्या नेहमीच्या ‘ओतप्रोत’ या शब्दातही आडव्या-उभ्या धाग्यांच्या विणीची हीच कल्पना दडलेली आहे. फ्रेंच भाषेतील ‘तिस्यू’ म्हणजे विणलेले कापड आणि ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे माग किंवा त्यावरील वीण. तीन भाषांना शरीराकडे पाहताना एकच उपमा सुचावी, हा योगायोग मनोज्ञ आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच वैद्य बिशा याने शरीरातील ऊतींचे २१ प्रकार सांगितले, तेही सूक्ष्मदर्शकाचा वापर न करता. १८१९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मायर याने ‘हिस्टॉलॉजी’ हा शब्द रूढ केला. पुढे सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारली, रंगांचा शोध लागला आणि ऊतींचे चार मुख्य गट स्थिर झाले: आवरण घालणारी अभिस्तर ऊती, जोडून धरणारी संयोजी ऊती, आकुंचन पावणारी स्नायू ऊती आणि संदेश वाहणारी चेता ऊती. शरीरातला कोणताही अवयव घ्या, तो या चार धाग्यांच्या वेगवेगळ्या विणीतून बनलेला असतो. निरोगी वीण कशी दिसते हे ठाऊक असेल, तरच ती कोठे उसवली हे कळते. पहिल्या वर्षी ऊतिशास्त्र आणि दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, हा क्रम याच कारणाने ठरलेला आहे.

गोव्याला ही परंपरा परकी नाही. पणजीत १८४२ मध्ये स्थापन झालेली एश्कोला मेदिको-सिरुर्जिका ही आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्थांपैकी एक. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पुढे ते बांबोळीला गेले. मांडवीकाठची तिची जुनी इमारत आज आपण चित्रपट महोत्सवामुळे ओळखतो. बाणावलीचे सुपुत्र डॉ. फ्रोइलानो द मेल्लो यांनी याच संस्थेचे प्रमुखपद भूषविले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या प्रजीवांच्या अभ्यासामुळे त्यांचे नाव भारताबाहेरही पोहोचले. डोळा आणि भिंग यांच्यावरचा असा विश्वास या भूमीत शंभर वर्षांपूर्वीच रुजला होता.

काचपट्टीवर जे दिसते ते काय असते?

बदलाची चर्चा करण्याआधी काचपट्टी कशी तयार होते, हे पाहणे आवश्यक आहे. शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला तर काही तासांतच कुजू लागतो. म्हणून तो फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. ऊती टिकवण्याचा फॉर्मेलिनचा हा गुण १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम या जर्मन वैद्याच्या लक्षात आला. नंतर चढत्या प्रमाणाच्या अल्कोहोलमध्ये तुकड्यातले पाणी काढतात, झायलीनमध्ये अल्कोहोल काढतात आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात तुकडा मुरवतात. मेण गोठले की तुकड्याची घट्ट वडी तयार होते. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने तिचे सुमारे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे मिलिमीटरभर जाडीच्या तुकड्यातून दोनशेहून अधिक काप निघतात. कोमट पाण्यावर तरंगणारा तो काप काचेवर अलगद उचलून घेणे ही प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या हाताची कला आहे. ती पुस्तक वाचून येत नाही.

असा काप जवळजवळ पारदर्शक असतो. त्यात काही दिसावे म्हणून तो रंगवावा लागतो. सर्वांत रूढ जोडी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांची. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळते आणि त्या लाकडाचा व्यापार मुळात कापड रंगवण्यासाठी होत असे. फिटकरीच्या कुळातील क्षारांशी त्याचा संयोग झाला की ते पेशीच्या केंद्रकाला निळसर जांभळा रंग देते. इओसिन हे कृत्रिम रंजक. ते पेशीद्रव्याला आणि तंतूंना गुलाबी करते. १८७० च्या दशकात ही जोडी जमली आणि आजही जगातील बहुतेक बायोप्सींची पहिली तपासणी याच दोन रंगांत होते.

यातला एक मुद्दा विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मनात ठसवायला हवा. काचपट्टीवर दिसते ते जिवंत शरीराचे छायाचित्र नव्हे. अनेक रासायनिक प्रक्रियांतून गेल्यावर उरलेला तो पुरावा असतो. चरबीची पेशी काचपट्टीवर रिकाम्या पांढऱ्या वर्तुळासारखी दिसते. कारण अल्कोहोल आणि झायलीन यांत तिच्यातली चरबी विरघळून गेलेली असते. ज्याला प्रक्रिया ठाऊक आहे, तो त्या रिकाम्या जागेत चरबी वाचतो. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला तेथे केवळ भोक दिसते.

जुन्या प्रात्यक्षिकाने काय दिले, काय हरवले

जुन्या पद्धतीचे प्रात्यक्षिक सर्वसाधारणपणे असे चालते. शिक्षक फळ्यावर आकृती काढतात, ओळखण्याचे मुद्दे सांगतात. विद्यार्थी काचपट्टी लावतात, कमी क्षमतेचे भिंग मग जास्त क्षमतेचे भिंग असा क्रम पाळतात आणि जर्नलमध्ये चित्र काढतात. परीक्षेत सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले असतात. घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या सूक्ष्मदर्शकाकडे सरकतो, काचपट्टी ओळखतो आणि दोन मुद्दे लिहितो.

या पद्धतीने पुष्कळ काही दिले. चित्र काढताना डोळा थांबतो. घाईने पाहणारा विद्यार्थी जे पाहत नाही, ते चित्र काढणाऱ्याला पाहावेच लागते. सूक्ष्मदर्शक हाताळण्याची सवय लागते. प्रकाश कमी-जास्त करणे, भिंग काचेवर न आदळता खाली आणणे, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणे ही कौशल्ये क्षुल्लक वाटली तरी पुढे फार उपयोगी पडतात.

पण दोषही उघड आहेत. तीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला तीस काचपट्ट्या दिल्या तर त्या तीस वेगवेगळ्या असतात. कोणाची फिकट पडलेली, कोणाची घडी पडलेली, कोणाच्या काचेखाली हवेचा बुडबुडा. शिक्षक ‘ही पेशी पाहा’ म्हणतात तेव्हा प्रत्येक जण निराळेच काही पाहत असतो आणि आपण योग्य तेच पाहतो आहोत की नाही, याची खात्री कोणालाच नसते. जुन्या काचपट्ट्यांचे रंग उडत जातात. दुर्मीळ काचपट्टी फुटली की ती पुन्हा मिळत नाही. जर्नलमधले चित्र काचपट्टीवरून न काढता वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या जर्नलवरून उतरवले जाते. आणि परीक्षेत काही विद्यार्थी काचपट्टी ओळखतात ती आतल्या पेशींवरून नव्हे, तर कापाच्या बाह्य आकारावरून किंवा काचेच्या कोपऱ्यावरच्या टवक्यावरून. ‘तो त्रिकोणी तुकडा म्हणजे प्लीहा’ अशी खूणगाठ बांधलेल्या विद्यार्थ्यासमोर प्लीहेचा गोल तुकडा आला की तो गोंधळतो.

त्यातच वेळही आकसला. भारतात एमबीबीएसचा पहिला टप्पा पूर्वी दीड वर्षाचा होता; १९९७ च्या नियमांनंतर तो एका वर्षावर आला. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तिन्ही विषय त्याच वेळेत बसवायचे. २०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षा तो काय करू शकतो, यावर त्याचा भर आहे. ऊतिशास्त्राच्या बाबतीत ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे आणि तिच्या रचनेचा तिच्या कार्याशी संबंध लावणे, अशी त्यातली अपेक्षा आहे. या वाक्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. जुन्या प्रात्यक्षिकात नेमका तोच दुर्लक्षित राहत आला.

काच पडद्यावर कशी आली

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने २००० च्या वसंत सत्रात एक प्रयोग केला. मूत्रमार्ग, पुरुष जननसंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी या तीन घटकांच्या काचपट्ट्या संगणकीय रूपात आणून त्या ऊतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात वापरल्या आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रात्यक्षिकाशी त्यांची तुलना केली. या प्रयोगाचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षांत अनेक विद्यापीठांनी हीच वाट धरली आणि काहींनी आपले संग्रह सर्वांसाठी खुले केले. आज भारतातील विद्यार्थीही ते मोफत पाहू शकतो.

यामागचे तंत्र समजण्यास कठीण नाही. स्कॅनर काचपट्टीचा इंचन् इंच जास्त क्षमतेच्या भिंगातून टिपतो आणि ते हजारो लहान तुकडे जोडून एकसंध प्रतिमा बनवतो. तिचा आकार किती मोठा असतो, ते साध्या गणिताने कळेल. उच्च क्षमतेच्या स्कॅनरमध्ये प्रतिमेतील एक बिंदू प्रत्यक्षातील सुमारे ०.२५ मायक्रॉन जागा दाखवतो. कापाची लांबी-रुंदी १५ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक बाजूला ६०,००० बिंदू येतात. म्हणजे एकूण ३ अब्ज ६० कोटी. रंगासह साठवायचे तर हे सुमारे १०.८ जीबी होते. आकुंचन करून ते काही शे मेगाबाइटपर्यंत खाली आणता येते. मोबाइलवरचा नकाशा जसा राज्य, तालुका, गल्ली अशा पायऱ्यांनी उलगडतो आणि जेवढा भाग पाहतो तेवढाच उतरवून घेतो, तशीच ही प्रतिमा पायऱ्यापायऱ्यांनी उलगडते. त्यामुळे साध्या जोडणीवरही ती पाहता येते.

याचे लाभ ठळक आहेत. वर्गातला प्रत्येक जण एकच पेशी पाहतो. शिक्षकाला तिच्यावर खूण करता येते. घरी, वसतिगृहात, रात्री कितीही वाजता ती काचपट्टी पुन्हा उघडता येते. दोन काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते, जे एका सूक्ष्मदर्शकावर शक्य नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने महाविद्यालये बंद झाली, तेव्हा काचपट्ट्या कपाटांत अडकल्या; संगणकीय संग्रह असलेल्यांचे अध्यापन मात्र सुरू राहिले. रोगनिदानाचे क्षेत्रही याच दिशेने चालले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये संपूर्ण काचपट्टी पडद्यावर पाहून प्राथमिक निदान करण्याच्या प्रणालीला प्रथमच परवानगी दिली. उद्याचा विकृतितज्ज्ञ पडद्यावरच काम करणार असेल, तर विद्यार्थ्याला पडद्याची सवय असणे योग्यच आहे.

पडद्यावर काय येत नाही

तरीही काही गोष्टी पडद्यावर येत नाहीत. काचपट्टीवरचा काप कितीही पातळ असला तरी त्याला जाडी असते. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवताना वरचा तंतू धूसर होतो आणि खालचा स्पष्ट होतो. या हालचालीतून डोळ्याला खोली जाणवते. स्कॅनर बहुधा एकच पातळी टिपतो. अनेक पातळ्या टिपता येतात, पण तितक्या पटींनी प्रतिमेचा आकार वाढतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. भारतात एमबीबीएस झालेला प्रत्येक जण विकृतितज्ज्ञ होत नाही. पुष्कळांची पहिली नेमणूक प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तेथे तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून मलेरियाचा परजीवी शोधावा लागतो. खोकल्याच्या रुग्णाच्या बेडक्यात क्षयाचे जंतू शोधावे लागतात. ही काचपट्टी कोणी स्कॅन करून देत नाही. तेलाचा थेंब टाकून सर्वाधिक क्षमतेचे भिंग लावायचे आणि क्षेत्रामागून क्षेत्र पाहत जायचे. हे काम बहुधा तंत्रज्ञ करतो हे खरे. पण शंका आली तर त्या केंद्रात ज्याच्याकडे वळून पाहायचे, तो डॉक्टरच असतो. पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाला हात न लावलेल्या डॉक्टरला त्या क्षणी काचपट्टीवर फक्त धुके दिसेल.

तिसरी गोष्ट वैविध्याची. वर्गातल्या तीस काचपट्ट्या निरनिराळ्या असतात, हा जुन्या पद्धतीचा दोष म्हणून आपण वर पाहिले. त्या दोषात एक गुणही होता. शेजाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावणाऱ्या विद्यार्थ्याला कळे की यकृत एकाच तऱ्हेने दिसत नाही. संगणकावर यकृताची एकच उत्कृष्ट काचपट्टी ठेवली, तर विद्यार्थी ती एक प्रतिमा पाठ करील आणि टवक्यावरून ओळखणाऱ्यापेक्षा फार पुढे जाणार नाही. म्हणून संगणकीय संग्रहात प्रत्येक अवयवाच्या किमान तीन-चार काचपट्ट्या असाव्यात: एक उत्तम, एक तिरकस कापलेली, एक फिकट, एक लहान मुलाच्या किंवा वृद्धाच्या शरीरातली.

भेंडीचे काप आणि मूत्रपिंडाचा प्रश्न

मग खरा बदल कोठे व्हायला हवा? विद्यार्थ्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न ऊतिशास्त्रात अटळ आहे, पण पुरेसा नाही. ‘हे असे का आहे?’ आणि ‘हे बिघडले तर काय होईल?’ हे दोन प्रश्न त्याच्या जोडीला आले की प्रात्यक्षिकाचे स्वरूपच पालटते.

सुरुवात स्वयंपाकघरातूनही करता येते. भेंडी आडवी चिरली की पाकळ्यांसारखे कप्पे दिसतात. उभी चिरली की बियांची रांग दिसते. तिरकी चिरली की लांबट, वेडावाकडा आकार दिसतो. भाजी एकच, काप तीन. उकडलेले अंडे टोकाकडून कापले तर बलक दिसतच नाही; म्हणून त्या अंड्यात बलक नव्हता असे कोणी म्हणत नाही. काचपट्टीवर एखाद्या पेशीत केंद्रक दिसले नाही, एखादी नळी लंबवर्तुळाकार दिसली, तर त्यामागे हेच कारण असते. सपाट कापावरून मूळचा घनाकार मनात उभा करणे हे ऊतिशास्त्रातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते सांगून येत नाही, करून येते. एकाच अवयवाचे आडवे, उभे, तिरके काप पडद्यावर शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून त्याची मातीची किंवा कागदाची प्रतिकृती करून घेतली, तर तासाभरात जे कळते ते दहा आकृत्या उतरवून कळत नाही.

आता मूत्रपिंडाचे दोन तासांचे प्रात्यक्षिक कल्पनेत आणू. विद्यार्थी आदल्या दिवशी संगणकावर काचपट्टी पाहून आलेले आहेत. वर्गात पाच-सहा जणांच्या गटांसमोर एक रुग्ण ठेवला जातो: लघवीला फेस येतो, पायांवर सूज आहे, तपासणीत लघवीत प्रथिन आढळले आहे. प्रश्न असा की मूत्रपिंडातली रक्त गाळणारी चाळणी काचपट्टीवर कोठे आहे? विद्यार्थ्यांना बाहेरच्या भागात केशवाहिन्यांचे गोलाकार पुंजके सापडतात, आतल्या भागात ते सापडत नाहीत. हा फरक त्यांनी स्वतः शोधलेला असतो, म्हणून तो विसरला जात नाही. पुढचा प्रश्न: या पुंजक्याभोवतीच्या नळ्यांपैकी कोणती नळी शोषणाचे काम करते आणि ते तिच्या पेशींवरून कसे ओळखाल? शेवटची वीस मिनिटे प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकावर: तीच चाळणी, पण न पाहिलेल्या काचपट्टीवर, स्वतः शोधायची. येथे पडदा, चर्चा आणि काच यांची कामे वाटून दिलेली आहेत. एकाने दुसऱ्याला हुसकावलेले नाही.

अशीच जोडणी इतर अवयवांतही करता येते. श्वासनलिकेचे आवरण केसांसारख्या सूक्ष्म धाग्यांनी धूळ बाहेर लोटते. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात त्या जागी चपट्या पेशींचे थर येतात आणि झाडलोटीचे काम थांबते. लहान आतड्याच्या आतील बोटांसारखे उंचवटे अन्नरस शोषतात. गव्हातील प्रथिन न सोसणाऱ्या सीलिअॅक विकारात ते सपाट होतात आणि मूल भरपूर खाऊनही वाळत जाते. गर्भाशयाच्या मुखाशी दोन प्रकारची आवरणे जेथे मिळतात, त्याच सीमेवर कर्करोगपूर्व बदल प्रामुख्याने होतात. म्हणून पॅप चाचणीत नमुना तेथूनच घेतात. निरोगी काचपट्टीच्या शेजारी रोगी काचपट्टी ठेवली की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आपण हे कशासाठी शिकतो आहोत, याचे उत्तर मिळते.

परीक्षा बदलली नाही तर

कोणत्याही अभ्यासक्रमाचा खरा मालक परीक्षा असते. वर्षभर प्रश्न विचारायला शिकवले आणि अखेरीस घंटेवर सरकत ‘ओळखा आणि दोन मुद्दे लिहा’ एवढेच मागितले, तर विद्यार्थी व्यवहारी असतात. ते दोन मुद्देच पाठ करतील. म्हणून परीक्षेत वर्गात कधीच न दाखवलेली काचपट्टी यायला हवी. ‘हा अवयव कोणता’ याच्यापुढे ‘कशावरून’ आणि ‘याच्याशी गल्लत होईल असा दुसरा अवयव कोणता, तो येथे का नाही’ हे विचारायला हवे. थायरॉइड ग्रंथी आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीचे स्तन, लाळग्रंथी आणि स्वादुपिंड अशा जोड्यांत नवखा डोळा फसतो. फसवणारी जोडी ओळखता येणे हीच निदानाची पूर्वतयारी आहे. आणि सूक्ष्मदर्शक हाताळण्याची परीक्षा स्वतंत्र घ्यावी: काचपट्टी लावा, प्रकाश जुळवा, सांगितलेली रचना शोधून दाखवा.

जर्नलमधील चित्रकलाही टाकून देण्याची गरज नाही. तिचे ओझे मात्र कमी करावे. पन्नास सुबक आकृत्या उतरवण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पंधरा-वीस कच्च्या आकृत्या आणि प्रत्येकीखाली ‘मला काय कळले नाही’ याची एक ओळ अधिक मोलाची. ती ओळ वाचणाऱ्या शिक्षकाला पुढचा तास कोठून सुरू करावा, हे आपोआप कळेल.

खर्च आणि क्रम

स्कॅनर महाग असतो, ही अडचण खरी आहे. पण प्रत्येक महाविद्यालयाने तो घेण्याची आवश्यकता नाही. काचपट्टी एकदाच स्कॅन करायची असते. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक संग्रह उभारणे सहज शक्य आहे. पाहण्याची मोफत आणि खुली संगणक प्रणाली उपलब्ध आहे. तेही जमत नसेल, तर एका सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यातले दृश्य मोठ्या पडद्यावर दाखवणे ही पहिली पायरी होऊ शकते. नेत्रिकेवर मोबाइल धरून विद्यार्थी छायाचित्रे काढतातच. त्या सवयीला वळण देऊन ‘या आठवड्यात तुम्ही टिपलेला सर्वांत फसवा काप’ असा उपक्रम करता येईल. बदलाचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: आधी प्रश्न बदलावेत, मग परीक्षा, मग शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शेवटी यंत्रे. क्रम उलटा लावला तर नवा पडदा जुन्याच आकृत्या दाखवत राहतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही याच चर्चेत यायला हवा. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकृत केले आहे. काचपट्ट्या तयार करणाऱ्या तंत्रज्ञाला चांगले वायुविजन, हातमोजे आणि पुरेशी जागा मिळते की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या संगणकाइतकाच आधुनिकतेचा आहे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी त्या खोलीत जाऊन काप काढताना पाहावा. ज्या हातांनी काचपट्टी घडते ते हात पाहिले, की ती टाकाऊ वस्तू वाटत नाही.

आता संगणकच प्रतिमेतील पेशी मोजू लागला आहे, संशयास्पद भागावर खूण करू लागला आहे. मग माणसाने इतके कष्ट कशाला घ्यावेत, असा प्रश्न कोणी करील. यंत्राने खूण केलेला भाग बरोबर आहे की नाही, हे ठरवणारा कोणी तरी लागतोच. अहवालाखाली सही त्याची असते. जो स्वतः पाहू शकत नाही, त्याला यंत्राची चूकही दिसणार नाही.

एखाद्या महाविद्यालयाची ऊतिशास्त्राची प्रयोगशाळा आधुनिक झाली की नाही, हे जाणून घ्यायचे असेल तर तेथे किती पडदे आहेत ते मोजू नये. वर्षाच्या अखेरीस तेथील साधारण गुणांच्या विद्यार्थ्यासमोर कधी न पाहिलेली एक काचपट्टी ठेवावी आणि दहा मिनिटे द्यावीत. नाव चुकले तरी हरकत नाही. ‘येथे आवरण आहे, येथे ग्रंथी आहेत, म्हणजे येथे काही तरी स्रवत असावे; स्नायूंचे थर आहेत, म्हणजे ही नळी आकुंचन पावत असावी’ असे तो बोलू लागला, तर अभ्यासक्रमाने आपले काम केले असे समजावे.